चक्कीवरचे एलईडी काऊन जात होते? दारव्हा तालुक्यातल्या एका आटाचक्कीचं प्रकरण

"एलईडी टिकत नाही" हे मी इलेक्ट्रिकच्या दुकानात रोज ऐकतो. बल्ब कोणत्या कंपनीचा, किती वॅटचा हे मी नंतर विचारतो, आधी एवढंच विचारतो की लावला कुठं होता आणि त्याच जागी आधीचा साधा बल्ब किती चालला. याचं उत्तर नीट मिळालं की निम्मं काम तिथंच होते. हे प्रकरण म्हणूनच सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण आपल्याकडे गावोगावी चक्क्या आहेत, कांडप आहे, शिलाईची दुकानं आहेत आणि सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच चालू आहे, लोक बल्बाला दोष देऊन पुन्हा शंभर वॅटच्या साध्या तारेच्या बल्बाकडे चाललेत.

गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं, मेन रोडपासून आत. काकांची चक्की टिनाच्या शेडमधी, थ्री फेजची (म्हणजे लाल, पिवळी, निळी अशा तीन जिवंत तारांची) 10 एचपीची मोटर, दळण आणि हळद-तिखटाचं कांडप दोन्ही. शेडच्या समोरच्या भागात काउंटर, तिथं बेसन, तिखट, ज्वारीचं पीठ वजनावर मिळते. मागच्या खोलीत काकू शिलाई करतात, ब्लाउज, शाळेचे ड्रेस, पायाची मशीन. रस्त्याच्या पलीकडे घर, त्याचं मीटर वेगळं, सिंगल फेज. ही दोन कनेक्शनं वेगळी आहेत हे लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच आहे.

काकांचा निरोप आला तो असा, "बाबू, शंभरचे बल्ब असतील तर घेऊन ये, ते एलईडी नको मले. पैसे देऊन देऊन थकलो." चक्कीवर कितीतरी एलईडी गेले होते, काही तर महिनाभरही चालले नाही. जो जाईल त्याच्या जागी काका पुन्हा जुना शंभरचा लावायचे आणि तो मात्र चालायचा. त्यांच्या डोळ्यासमोर पुरावा होता, साधा बल्ब टिकते, एलईडी टिकत नाही. या माणसाला खोटं कसं म्हणायचं? जे दिसलं तेच ते सांगत होते.

पण त्यांच्याच घरात उलटं होतं. 2021 मधी ग्राम उजाला योजना आली तेव्हा पहिल्या टप्प्यात नागपूरकडची गावं होती, जुना चालू बल्ब जमा केला की 10 रुपयात 7 किंवा 12 वॅटचा एलईडी मिळायचा, 3 वर्षांच्या गॅरंटीसकट. काकांच्या सुनेचं माहेर तिकडचं, त्यातले बल्ब तिकडून आलेले. ते 10 रुपयांचे बल्ब घरी स्वयंपाकघरात अन ओसरीत अजून जळून रायले होते, आणि चक्कीवर बाजारातून आणलेले त्याच्यापेक्षा महाग बल्ब मरत होते. बल्ब खराब असते तर दोन्हीकडे गेले असते. म्हणजे भानगड बल्बात कमी आणि चक्कीच्या लाइनीत जास्त, एवढं तर जायच्या आधीच समजलं.

काकूंनी गेलेले बल्ब फेकले नव्हते, एका पिशवीत भरून ठेवले होते, आणि त्या पिशवीनं फार मदत केली. मी बसून ते उघडले. वरची पांढरी टोपी फिरवून काढली की आत गोल पत्रा दिसते, त्यावर पिवळे चौकोनी ठिपके, ते एकेक एलईडी. बहुतेक बल्बांत एखाद्या पिवळ्या ठिपक्याच्या मधोमध बारीक काळा डाग होता, राईच्या दाण्यापेक्षाही लहान. हे सगळे ठिपके एका माळेत जोडलेले असतात, एक जळला की माळ तुटते आणि अख्खा बल्ब बंद. असा काळा डाग म्हणजे त्या ठिपक्यातून त्याच्या ताकदीपेक्षा जास्त करंट गेला. दुसऱ्या प्रकारचे बल्ब कमी होते पण होते, त्यांचे ठिपके सगळे चांगले आणि खालच्या ड्रायव्हरमधला (बल्बातलं सर्किट) छोटा डब्बीसारखा कॅपॅसिटर वरून फुगलेला. हा उष्णतेनं मरते. काकूंना विचारलं कोणता कुठला, त्यांना बरोबर आठवत होतं, काळ्या डागाचे त्यांच्या खोलीतले अन अंगणातले, फुगलेले शेडच्या टिनाला चिकटून लावलेले. (टोपी काढलेला बल्ब चालू होल्डरमधी कोणी लावून पाहू नका, त्या पत्र्यावरचे ठिपके सरळ लाइनीशी जोडलेले असू शकतात, हात लागला तर जोरात झटका बसते.)

म्हणजे रोग दोन. एक जास्त व्होल्टेजचा, एक गर्मीचा.

व्होल्टेजचा रोग पकडायला मी मुद्दाम सांजच्याला थांबलो, चक्की चालू, कूलर चालू, सगळे लाइट चालू. काउंटरवर चोकवाल्या जुन्या ट्यूबा होत्या चार, पंखा, पिशव्यांची सीलिंग मशीन आणि मोठा कूलर, हे सगळं लाल फेजवर. काकूंची खोली, चक्कीवरचा एक बल्ब आणि अंगण पिवळ्या फेजवर. निळ्यावर मोटरशिवाय काहीच नाही. मी काकूंच्या खोलीत उभा राहिलो आणि काकांना कूलर चालू-बंद करायला लावला. कूलर चालू झाला की समोरच्या ट्यूबा मंद व्हायच्या, ते तर कुठंही होते, पण त्याच क्षणी काकूंच्या खोलीतला बल्ब फक्कन जास्त उजळायचा. काकू म्हणाल्या, "हे तं रोजचंच हाय, मले वाटे लाइन वाढली." ही खूण प्रत्येकानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. घरातला एक लाइट मंद होताना दुसरा तेज होत असेल तर जवळपास नक्की न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार, ढिला आहे. मल्टिमीटर लावला तर कूलर बंद असताना दोन्हीकडे 225-240 च्या दरम्यान, आणि कूलर चालू होताच लाल फेजवर 170 च्या आसपास, पिवळ्यावर 265 च्या वर, आणि आकडा एका जागी थांबतच नव्हता.

मेन बंद करून बोर्ड उघडला. न्यूट्रलच्या पट्टीवर ॲल्युमिनियमची तार आणि तांब्याची तार एकाच स्क्रूखाली दाबलेली, प्लास्टिक वितळून काळं पडलेलं, स्क्रू बोटानं फिरला. ॲल्युमिनियम आणि तांबं असं उघड्यानं एकत्र दाबलं की तिथं हळूहळू ऑक्साइडचा थर चढते, त्यात चक्कीचा थरथराट दिवसभर, सांधा गरम होते, थंड होते, सैल होते. टेस्टरनं हे कधी सापडलं नसतं, कारण टेस्टर फक्त फेज दाखवते, न्यूट्रल घट्ट आहे की नाही हे त्याला कळत नाही.

आता हे व्होल्टेज वाढते कसं ते काकांना जसं सांगितलं तसंच लिहितो. लाल फेजमधून गेलेला करंट आणि पिवळ्यातून गेलेला करंट, दोघांचा परतीचा रस्ता न्यूट्रल. तो रस्ता अडला की लालवरचा लोड आणि पिवळ्यावरचा लोड हे एकमेकांतून रस्ता काढतात, म्हणजे दोघं मिळून 400 व्होल्टच्या मधी एका माळेत येतात. माळेत जिकडे लोड जास्त तिकडे व्होल्टेज कमी पडते आणि जिकडे लोड हलका तिकडे जास्त पडते. न्यूट्रल पूर्ण तुटला तर हलक्या बाजूला साडेतीनशेच्या वरही जाऊ शकते. मोटरला न्यूट्रल लागत नाही, ती तीन फेजवरच चालते, म्हणून चक्की मस्त चालू राहिली आणि कोणाला शंकाही आली नाही.

आणि या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती पुढची आहे. आधी पिवळ्या फेजवर काकूंच्या खोलीत शंभरचा बल्ब, अंगणात शंभरचा, चक्कीवर शंभरचा, असा 300 वॅटचा लोड होता. तो लोड लालच्या लोडला बऱ्यापैकी तोलून धरत होता, म्हणून न्यूट्रल ढिला असूनही व्होल्टेज फार चढत नव्हतं, थोडंफार चढलं तर तारेचा बल्ब सहन करून घेत होता. मग काकांनी चांगल्या मनानं, वीज वाचवायला, तिन्ही जागी 9-9 वॅटचे एलईडी लावले. पिवळ्यावरचा लोड एकदम 27 वॅटवर आला, तोल गेला आणि त्याच बाजूला व्होल्टेज सरळ वर चढलं. म्हणजे एलईडी लावल्यामुळेच एलईडी मरायला लागले, आणि एक मेल्यावर तिथं शंभरचा लावला की तोल परत येऊन बाकीचे काही दिवस जगायचे. काकांचा अनुभव शंभर टक्के खरा होता. त्यावरून काढलेला अर्थ तेवढा वेगळा होता. उन्हाळ्यातच जास्त बल्ब जायचे याचंही कारण यात आलं, कूलर उन्हाळ्यातच चालते.

न्यूट्रलची तार मागे कापून नवी लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचा जोड) लावली, ॲल्युमिनियम-तांब्याच्या सांध्यासाठी मिळते ती दोन धातूंची लग, वेगळा स्क्रू, घट्ट. हा सांधा मीटरच्या अलीकडे आपल्या बोर्डात होता म्हणून वायरमननं करायचं काम होतं. तोच खांबावर किंवा मीटरच्या पलीकडे असता तर हात लावायचा नाही, महावितरणच्या लाइनमनला सांगायचं, 1912 वर तक्रार होते. गावात लोक स्वतः डीपीवर चढतात, खांबावर आकडा हलवून पाहतात, बाप्पा, बल्बासाठी जीव घालवू नका. सांधा केल्यावर कूलर चालू-बंद केला, दोन्हीकडचा आकडा दोन-चार व्होल्टच्या वर हलला नाही. लाइट तीन फेजवर वाटून दिले म्हणजे एकाच बाजूला भार नको. आणि बोर्डावर व्होल्टेजचा कटऑफ बसवला, ठरवलेल्या आकड्याच्या वर किंवा खाली गेलं की लाइटचा सप्लाय तोडते, नीट झालं की काही सेकंदांनी परत जोडते. चक्की असलेल्या प्रत्येक जागी हा असावा असं माझं ठाम मत आहे, चार बल्बांच्या पैशासाठी नाही तर पंखा, वजनकाटा, फ्रिज सगळंच त्यातून वाचते म्हणून.

हे सगळं झाल्यावर मग बल्ब निवडायचं काम. लोक उलट्या टोकाकडून सुरू करतात, आधी बल्ब आणतात.

पहिली काकूंची खोली. तिथं 9 वॅटचा बल्ब छताला मधोमध आणि मशीन भिंतीला लागून, म्हणजे काकू बसल्या की उजेड त्यांच्या पाठीवर अन सावली बरोबर सुईवर. त्यांचं म्हणणं होतं, "काळ्या कापडावर काळा दोरा दिसतच नाही, मोठा बल्ब दे." मोठ्या बल्बानं सावलीही मोठीच पडली असती. उजेडाचा एक सोपा हिशेब आहे, अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होते. छतावरून सुईपर्यंत साधारण 8 फूट होते, तोच बल्ब 2 फुटांवर आणला तर अंतर चौथ्या भागावर आलं, उजेड 16 पट. शिवणकामाला कापडावर 500 लक्सच्या (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) वर उजेड पाहिजे असतो, छताच्या एका बल्बानं तिथं त्याच्या पासंगालाही उजेड पोचत नाही. म्हणून त्यांच्या डाव्या हाताला भिंतीवर वाकवता येणारी दांडी लावून त्यात 9 वॅटचा बल्ब, वरून शेड म्हणजे डोळ्यात येणार नाही. छतावरचा तसाच ठेवला. वॅट वाढवले नाही, फक्त जागा बदलली अन एक दिवा वाढवला. काकूंनी पहिल्याच सांजेला काळ्या कापडाची तुरपाई करून पाहिली आणि चष्मा वर सारून मला कापडच दाखवलं, टाका अन टाका मोजता येत होता.

रंग मात्र मी बदलला. बाजारात तीन प्रकार मिळतात, 2700 ते 3000 केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर, 4000 चा मधला, 6500 चा निळसर पांढरा. आपल्याकडे दुकानदार न विचारता 6500 चाच देतो कारण तो डोळ्याला जास्त "फुल" वाटते. शिलाईला मी 4000 चा दिला, आणि त्यातही सीआरआय 90 चा. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, 100 म्हणजे उन्हासारखं, नेहमीच्या एलईडींना 80 च्या आसपास असते, काही स्वस्तांना तेवढंही नसते. दोऱ्याचा रंग कापडाला मिळवायचा असेल तर हा फरक पैशात मोजता येते, रात्री जुळलेला दोरा सकाळी उन्हात वेगळा दिसला की ब्लाउज उसवावा लागते.

यापेक्षाही मोठा फरक काउंटरवर पडला, आणि तो काकांनाही पटला नसता जर डोळ्यानं पाहिला नसता. तिखट. आपल्याकडे गिऱ्हाईक तिखट घेताना चिमूट हातावर घेऊन रंग पाहते, भिवापुरी आहे की दुसरी, ताजी कुटलेली आहे की जुनी, सगळं रंगावरून. काकांचं तिखट चांगलं असून सांजच्याला लोक म्हणायचे काळं दिसते. पांढरा एलईडी आतून निळाच असतो, निळ्या एलईडीवर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड बनवतात, त्या निळ्या एलईडीच्या शोधासाठीच 2014 चं फिजिक्सचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं. पण निळा अधिक पिवळा यात लाल फार कमी येते, स्वस्त बल्बात तर अगदीच कमी. लाल वस्तूवर लाल उजेड पडलाच नाही तर ती लाल दिसणार कुठून, ती तपकिरी दिसते. दोन परातीत एकाच डब्यातलं तिखट काढलं, एकावर जुना 6500 चा बल्ब, दुसऱ्यावर 4000 चा सीआरआय 90 चा. काका परातींच्या जागा बदलून बदलून पाहत होते, "हे एकच तिखट हाय न?" मग हळद ठेवून पाहिली, मग डाळ. हे प्रत्येक किराणावाल्यानं, कापडवाल्यानं, भाजीवाल्यानं एकदा करून पाहावं. काउंटरवर 20 वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या लावल्या, जुन्या चार ट्यूबांच्या जागी दोनच, कारण ट्यूबेचा निम्मा उजेड वर टिनाकडे जायचा अन पट्टी सगळा खालीच टाकते.

चक्कीच्या खोलीत दोन अडचणी, पीठ आणि पट्टा. पिठाची धूळ बल्बाच्या खाचांमधी बसते, हवा अडते, बल्ब तापते, शिवाय पिठाची धूळ हवेत दाट असली तर पेट घेऊ शकते, त्यामुळे उघडे होल्डर, लोंबते जोड तिथं नकोतच. म्हणून पूर्ण बंद, रबराच्या वायसरवाल्या पट्ट्या घेतल्या, त्यावर आयपी 65 लिहिलेलं असते, यातला 6 म्हणजे धूळ आत जात नाही आणि 5 म्हणजे पाण्याचा फवारा चालते. साध्या पट्टीपेक्षा दोन-अडीच पट महाग पडतात, पण इथं काटकसर करू नये. आणि टिनाला चिकटवल्या नाही, साखळीनं तीन फूट खाली लोंबकळत्या ठेवल्या. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर कुठंही मे महिन्यात 45 च्या वर पारा जाते, टिनाखालची हवा त्याहून गरम, आणि कॅपॅसिटरचा ढोबळ नियम असा की दर 10 डिग्री वाढीला आयुष्य निम्मं. डब्ब्यावर 25,000 तास लिहिलेलं असते ते टिनाखालच्या भट्टीसाठी लिहिलेलं नसते. पिशवीतले फुगलेले कॅपॅसिटर यातूनच आले होते.

पट्ट्याची गोष्ट जास्त गंभीर आहे. आपली वीज 50 सायकलची, त्यामुळे ज्या स्वस्त एलईडीत कॅपॅसिटर नसते किंवा नावाला असते तो सेकंदाला 100 वेळा उघडझाप करते, डोळ्याला समजत नाही. मोटर मिनिटाला 1440 फेरे म्हणजे सेकंदाला 24. आता मोटरच्या पुलीला चार आरे असतील तर दर उघडझापीत पुली 0.24 फेरा फिरते, म्हणजे पाव फेऱ्याला जरासं कमी, आणि डोळ्याला असं वाटते की पुली सावकाश उलटी फिरून रायली, सेकंदाला एकच फेरा. प्रत्यक्षात ती 24 फेरे मारत असते. सांजच्या अंधुक उजेडात घाईघाईत कोणी पट्टा सरकवायला हात घातला तर? काकांना हे दिसत होतं, त्यांना वाटायचं डोळ्याचा भास आहे. तपासायचं सोपं, मोबाइलचा कॅमेरा बल्बाच्या जवळ धरा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब मशीनजवळ लावायचा नाही. म्हणून तिथं फ्लिकर नसलेल्या पट्ट्या घेतल्या आणि त्याही दोन वेगळ्या फेजवर, म्हणजे एकाची थोडी उघडझाप असली तरी दुसरा ती भरून काढते. पुलीवर जाळीचं कव्हर बसवायलाही लावलं, ते लाइटचं काम नाही पण ते केल्याशिवाय मी निघालो नसतो.

अंगणात 9 वॅटचा पिवळसर, 3000 चा. पावसाळ्यात अन सोयाबीन निघायच्या दिवसात पाखरांचा इतका त्रास की बेसनाच्या डब्यात पडतात. पाखरं निळ्या-जांभळ्या उजेडाकडे जास्त ओढली जातात, पिवळसरकडे कमी. कमी म्हणजे बंद नाही. म्हणून दिवा दारावर न ठेवता दाराच्या पुढे खांबावर नेला, पाखरं तिकडेच राहतात.

घरात फार काही केलं नाही, तिथं चालू होतं ते चालू दिलं. फक्त मोरीतला बल्ब बटण बंद केल्यावरही मिणमिणत होता, सूनबाईंना त्याची भीती वाटायची की शॉक आहे, आणि त्यांची भीती बरोबर होती. बटण न्यूट्रलवर जोडलेलं होतं, फेज सरळ होल्डरला. साध्या बल्बात हे कधी दिसत नाही, एलईडीला मात्र तारेतून झिरपणारा अगदी थोडा करंटही पुरते म्हणून तो मिणमिणते. ओल्या मोरीत बटण बंद करून बल्ब बदलायला गेलेल्या माणसाच्या हातात जिवंत फेज, केवढा धोका. तारा अदलाबदल केल्या, मिणमिण थांबली. (बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यानंही असं होते, त्यात धोका नाही.)

बल्ब घेताना डब्ब्यावर काय वाचायचं ते काकांनी मला कागदावर लिहून मागितलं, मी जे लिहून दिलं ते असं. वॅट पाहू नका, ल्युमेन (बल्ब एकूण किती उजेड देते त्याचं माप) पाहा, 9 वॅटला 900 च्या आसपास पाहिजे, 9 लिहून 600 देणारेही आहेत. व्होल्टेजची रेंज पाहा, 100 ते 300 लिहिलेला घ्या, 220-240 लिहिलेला आपल्या लाइनीत नको, सांजच्याला मोटारी चालू झाल्या की तो मंद होणार आणि रात्री लाइन चढली की मरणार. सर्ज, म्हणजे लाइनीत अचानक येणारा व्होल्टेजचा झटका, किती सोसते ते केव्ही (हजार व्होल्ट) मधी लिहिलेलं असते, विजा कडाडायच्या आपल्या मुलखात 4 केव्हीचा बरा. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि त्याखाली इंग्रजी आर अक्षरानं सुरू होणारा नंबर पाहा, बल्बावर तो असणं सक्तीचं आहे, बाजारात चादरीवर मिळणाऱ्या बऱ्याच बल्बांवर नसते. आणि पक्कं बिल घ्या, लावल्याची तारीख बल्बाच्या मानेवर मार्करनं लिहा, वॉरंटी असते पण तारीख कोणाला आठवत नाही.

बचतीचा हिशेब थोडक्यात. चोकवाली 40 ची ट्यूब चोक धरून 50 च्या वरच खाते, चार मिळून 210 वॅट, रोज 6 तास, महिन्याला 38 युनिटच्या आसपास. आता काउंटरच्या दोन आणि चक्कीच्या दोन पट्ट्या मिळून 80 वॅट, 14-15 युनिट. अंगणातला शंभरचा रात्री 10 तास म्हणजे महिन्याला 30 युनिट, आता 3 सुद्धा नाही. सगळं मिळून 50 युनिट वाचतात. चक्कीच्या मोटरपुढे हे किरकोळ वाटेल, आणि आहेच, लाइट बदलून चक्कीचं बिल निम्मं होते असं कोणी सांगत असेल तर खोटं आहे. घराच्या मीटरवर मात्र 50 युनिट खूप असतात, 100 युनिटच्या वर गेलं की वरच्या युनिटचा दर बराच चढते, 120-130 वर असलेल्या घरानं अंगणातला अन गोठ्यातला शंभरचा बदलला तरी ते खालच्या स्लॅबमधी येऊ शकते.

चार्जिंगवाला बल्बही काकांनी मागितला होता, लाइन गेल्यावर आपोआप लागणारा. स्वयंपाकघरात एक दिला. टिनाखाली नाही दिला, त्यात लिथियमची बॅटरी असते अन ती गर्मीत लवकर बसते, शिवाय लाइन गेली की चक्की तशीही बंदच.

एक काम राहिलं आहे ते अर्थिंगचं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडते आणि अर्थिंग नावालाच उरते, चक्कीवर मोजलं तर तसंच निघालं. विजेच्या सर्जसाठी बोर्डात एसपीडी (सर्ज जमिनीत उतरवणारा डबा) बसवायचा आहे पण अर्थिंग धड नसेल तर तो सर्ज उतरवणार कुठं, म्हणून तो आणून ठेवला आहे, लावला नाही. मृगाचा पाऊस पडून जमीन मऊ झाली की नवा खड्डा, कोळसा-मीठ, जाड जीआयचा पाइप, वरून पाणी टाकायला फनेल. तोवर काकांना सांगून ठेवलं आहे, ढग गडगडायला लागले की मेन पाडायचा, दळणाची कितीही मोठी रांग असो.